गोळीत गोळी कशी भरायची?

टेक्सासकर
मंडळी, एका वाक्यावर तीन दिवस अडून बसलोय. इथल्या दिवाळी अंकासाठी शेजाऱ्यांच्या टिपणांचा अनुवाद करतोय. गृहस्थ रिव्हॉल्व्हरने रानडुकरं मारतात (इकडे मोकाट डुकरांनी शेतांची वाट लावली आहे) आणि त्यासाठीची काडतुसं गॅरेजमध्ये बसून स्वतः भरतात. त्यांचं पहिलंच वाक्य : आधी बुलेट निवडा, मग त्या बुलेटच्या हिशेबाने कार्ट्रिज भरा. मी लिहिलं, 'आधी गोळी निवडा, मग गोळी भरा.' बायको म्हणाली, "गोळीत गोळी कशी भरतात?" बुलेटला वेगळा शब्द सुचवा.

निवृत्त फौजदार
सुचवायचं काय त्यात? बुलेट म्हणजे गोळी, कार्ट्रिज म्हणजे काडतूस, म्हणजे पुंगळी, आत दारू आणि तोंडाशी गोळी असं सगळं मिळून. जन्म पंचनामे लिहिण्यात गेला. 'एक गावठी कट्टा, दोन जिवंत काडतुसे, एक रिकामी पुंगळी.' काडतूस जप्त होतं, पुंगळी जागेवर सापडते आणि गोळी डॉक्टर काढतात. डॉक्टरांनी पोटातून काडतूस काढलं असं कधी ऐकलंय का?

टेक्सासकर
साहेब, मान्य. पण 'रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या होत्या' हे तुम्हीच लिहिलं असणार. तिथे गोळी म्हणजे पुंगळीसकट सगळं.

निवृत्त फौजदार
लिहिलंय. आणि झाडल्यावर 'पाच राउंड फायर केले' असंही लिहिलंय. फैरी फक्त बातमीत.

शब्दवेल्हाळ
काडतूस परका आहे असं कुणी म्हणायच्या आत सांगते, तो अस्सल देशी आहे. काडी लावली की दारू जळून जाते, मागे तूस उरतं. काडी अधिक तूस. आजोबांनी सांगितलेली व्युत्पत्ती आहे.

म्हापसेकर
आजोबांना नमस्कार, पण शब्द पोर्तुगीज. कार्तुशु. मुळाशी 'कार्ता', म्हणजे कागद. पूर्वी मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत बांधून देत. १८५७ची चरबीची काडतुसं आठवा, ती दाताने फाडायची होती ती कागदाची म्हणूनच. पितळ दाताने कोण फाडणार? पिस्तूलही पोर्तुगीजच.

शब्दवेल्हाळ
तरी 'तूस' उरतंच ना. पितळेचं.

भाषाव्रती
परक्या शब्दांची एवढी हौस कशाला? गोळीला 'प्रक्षेपिका' म्हणा, काडतुसाला 'दारूकोश', हँडगनला 'करनलिका'. दिनांक, महापौर यांनाही लोक आधी हसलेच होते.

निवृत्त फौजदार
करनलिका घेऊन फिरणाऱ्याला आम्ही प्लंबर समजून सोडून दिला असता.

टेक्सासकर
बरं, गोळी-काडतूस तात्पुरतं पक्कं. आता खरं दुखणं. पूर्ण लेखच गोळीची निवड कशी करावी यावर आहे. दोन पक्ष आहेत. एका जातीची गोळी तांब्याच्या कवचातली, टोकाला खळगा. जनावराला लागली की टोक मागे वळून पसरतं. दुसरी कडक ओतीव शिशाची, बसक्या टोकाची. ती पसरत नाही, सरळ खोल घुसते. शेजारी म्हणतात, हरणाला पहिली ठीक, पण थोराड डुकराला दुसरीच. .४४ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातल्या गोळीचा वेग सेकंदाला १३००-१४०० फुटांच्या घरात, रायफलीचा सहज दुप्पट. एवढ्याशा वेगात पसरण्यावरच सगळी ताकद खर्ची पडली तर गोळी आतपर्यंत पोचत नाही. मी पहिलीला 'फुटणारी गोळी' लिहिलं. शेजाऱ्यांना तोंडी उलटा अनुवाद करून सांगितला तर उडालेच. म्हणे, फुटली तर ती गोळी वाया गेली!

रानवाटा
मग 'फुलणारी' म्हणा. फुटणं वेगळं, फुलणं वेगळं. लाही फुलते, काच फुटते. पोचलेली गोळी कशी दिसते?

टेक्सासकर
अळंबीसारखी. इकडचे शिकारीही अळंबीच म्हणतात.

रानवाटा
झालं तर, 'छत्री होणारी गोळी'. आमच्याकडे पावसाळ्यात ज्या उगवतात त्या छत्र्याच.

भाषाव्रती
याला रूढ शब्द आहे, डमडम. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात बनली. मराठी वर्तमानपत्रांनी कधीच स्वीकारलेला शब्द. आता देशी नाव मिळतंय तर छत्री कशाला?

म्हापसेकर
कारण डमडम म्हटलं की निषिद्ध हा अर्थ चिकटून येतो. १८९९च्या हेगच्या जाहीरनाम्याने असल्या गोळ्या युद्धात वर्ज्य केल्या. शिकारीत नेमकं उलटं, जनावर तडफडू नये म्हणून त्या वापरतात. वाचक शेजाऱ्यांना युद्धगुन्हेगार समजेल.

रानवाटा
आणि दुसरी, बसक्या टोकाची, ती 'नकटी'.

शब्दवेल्हाळ
वा! नकटीच्या शिकारीला सतराशे विघ्नं.

टेक्सासकर
नकटी घेतली! 'ओतीव'ला बिडाची म्हणावं का?

निवृत्त फौजदार
बीड म्हणजे ओतीव लोखंड. नळीचं वाटोळं होईल. शिसं म्हणा.

टेक्सासकर
शिशात कथील आणि अँटिमनी घालून कडक करतात. नुसतं मऊ शिसं जोरात झाडलं तर नळीत माखतं. गोळीचं वजन २४० ग्रेन. ग्रेन हे वजनाचं माप तसंच ठेवू?

पेढीवाला
ठेवू नका! तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे २४० ग्रेन झाले एक तोळा चार मासे. गुंजांत १२८. आमच्या पेढीवर गुंजा डबीत असायच्या. एक तोळा चार मासे शिसं डुकराच्या अंगात, कसं डोळ्यांसमोर येतं.

भाषाव्रती
अखेर कुणीतरी मराठी बोललं.

टेक्सासकर
पण दादा, दारूही ग्रेनमध्येच मोजतात आणि तिथे अर्ध्या ग्रेनचाही फरक महागात पडू शकतो. कुणी गुंजांवर दारू तोलली तर? मी ग्रेनच ठेवतो. अंकातल्या एकाने आधीच विचारलंय की २४० ग्रेन म्हणजे दारूचे २४० दाणे का.

कोंकण्या
उशिरा आलो. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. पीक राखायला परवान्याची. दारू, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, मग गजाने ठासायचं, शेवटी ठिणगी पाडणारी केप. आजोबा 'गोळी भरली' कधीच म्हणत नसत, 'बार भरला' म्हणत. तर लेखाला 'घरचा बार' असं नाव द्या.

रानवाटा
फुसका निघाला तर?

टेक्सासकर
केपवरून आठवलं, पुंगळीच्या बुडाला जी प्रायमर बसवतात तिला काय म्हणू? घोडा तिच्यावर आपटतो, ठिणगी उडते, दारू पेटते.

म्हापसेकर
जुना शब्द आहे, रंजक. बंदुकीच्या कानात, म्हणजे ठिणगी आत जायच्या भोकात, घालायची ती बारीक दारू.

शब्दवेल्हाळ
'पुंगळीत नवी रंजक बसवा.' वाचक मनोरंजनाच्या तयारीत बसेल.

पेढीवाला
टिकली! दिवाळीतल्या पिस्तुलाची टिकली तेच तर करते. आपटली की वाजली.

निवृत्त फौजदार
टिकलीला माझं मत.

भाषाव्रती
कुंकवाची की फटाक्याची?

टेक्सासकर
टिकली घेतो. काल संपादकांचा निरोप आला, की त्यांनी एकसारखेपणासाठी गोळी आणि काडतूस दोन्ही काढून सगळीकडे 'बुलेट' केलंय. वाक्य आता 'आधी बुलेट निवडा, मग बुलेट भरा' असं आहे. त्यांच्या पुतण्याला लेख मोटारसायकलीवर आहे असं वाटलं. भांडण चालू आहे.

कोंकण्या
टिकल्यांवरून एक विचारतो. आमच्याकडे लाल कागदाची गुंडाळी मिळायची, पिस्तुलात दोन वाजल्या की तिसरी अडकायची. तुमच्याकडे सुट्या मिळायच्या का?

पेढीवाला
सुट्याही मिळायच्या, चपट्या गोल डबीत. पिस्तूल कुणाकडे होतं? आम्ही पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडायचो. आई ओरडायची, चटणीला वास येतो म्हणून.