हँडबुकातली शिस्तभंगाची प्रक्रिया कराराचा भाग धरतात का?

प्रश्न: गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात कामगार आहे. नेमणूकपत्रात चौकशीबद्दल अवाक्षर नाही. एचआर म्हणतो, हँडबुक (कंपनीची नियमपुस्तिका) म्हणजे करार नव्हे. खरं का?

उत्तर: आधी प्रमाणित स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचे, सरकारी अधिकाऱ्याने मंजूर केलेले नियम) आहेत का पाहा, बहुधा गेटजवळच्या फलकावर लावलेले असतात. ते कायद्याच्या जोरावर लागू होतात, पत्रात उल्लेख नसला तरी. त्यांच्याविरुद्धचं कलम करारात घुसडलं तरी टिकत नाही.

उत्तर: नुसत्या हँडबुकाचं वेगळं. पत्रात ‘कंपनीचे नियम लागू राहतील’ ही ओळ शोधा; तिच्यामुळे हँडबुक कराराचा भाग ठरू शकतं. एचआर ती सोयीस्कर विसरतो!

उत्तर: स्थायी आदेश लागू असतील आणि निलंबन झालं, तर निर्वाहभत्ता (निलंबनाच्या काळात मिळणारी रक्कम) पहिले 90 दिवस पगाराच्या 50 टक्के, पुढे चौकशीतला उशीर कामगारामुळे नसेल तर 75. आरोपपत्राला लेखीच उत्तर द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.