मदत हवी आहे: ग्वाल्हेरात पाऊस लागताच सक्युलंट सडू लागले, ओळख आणि उपाय सांगाल का?

नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. सासूबाईंनी हौसेने जमवलेल्या सक्युलंटच्या, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांच्या, कुंड्या छतावर आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना आता जिना चढवत नाही, म्हणून देखभाल माझ्याकडे आली. रोज संध्याकाळी त्या एकेका झाडाची चौकशी करतात आणि सध्या त्यांना सांगण्यासारखं चांगलं काहीच नसतं. नावं त्यांनाही ठाऊक नाहीत. काही मेळ्यातून आणलेली, काही नात्यातल्यांनी दिलेली.

मे-जूनमध्ये पारा ४५ ला टेकला तेव्हा कुंड्या खालच्या कूलरच्या खोलीत होत्या. पाऊस सुरू झाल्यावर वर गेल्या, पण पत्र्याखाली आहेत, अंगावर पाऊस येत नाही. माती वरून कोरडी दिसली की पाणी देतो.

१) निळसर-हिरवं, पानांची गुलाबासारखी रचना. पानांवर पांढरी भुकटी, बोट लागलं की पुसली जाते. खालची पानं पिवळी, पाणी भरल्यासारखी पारदर्शक होऊन नुसत्या स्पर्शाने गळतात. खोडाचा तळ काळा दिसतोय. सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, सासूबाईंचं हे आवडतं.

२) छोटं, टोकदार पानांचं, पानांवर पांढरे उठावदार आडवे पट्टे. छतावर नेल्यापासून तांबूस-तपकिरी झालं आहे. वाढ नाही.

३) तीन धारांचा हिरवा दांडा, धारांवर काटे. सगळे कॅक्टस म्हणतात. काट्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे.

४) जाड खोड, बारीक गोल पानं. नर्सरीवाल्याने जेड म्हणून दिलं होतं. पानं सुरकुतलीत. पाणी वाढवावं की बंद करावं, हेच कळत नाही.

कोणाला ही झाडं ओळखता आली तर कृपया सांगा. पहिल्याचं आज काही करायला हवं का?

प्रतिसाद

ताई, फोटो नसला तरी वर्णन नेमकं आहे. आधी पहिलं, कारण तिथे वेळ कमी आहे.

ते एचेव्हेरिया. मूळ मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं, रात्री गार असतात तिथलं. पारदर्शक पानं आणि काळा तळ म्हणजे कूज खोडात शिरली आहे, मुळं वाचणार नाहीत. शेंडा मात्र वाचू शकतो. ब्लेड स्पिरिटने पुसून काळ्या भागाच्या वर कापा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसलं तर ब्लेड पुन्हा पुसून आणखी वर कापा, आतला गर पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत. मग शेंडा सावलीत, हवेशीर जागी चार-पाच दिवस तसाच ठेवा. पावसाळी हवेत जखम सुकायला आठवडाही लागतो. नंतर शेवटी दिलेल्या मातीच्या कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवायचा. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही. लोक हळद, दालचिनी लावायला सांगतात. लावलीत तरी हरकत नाही, पण खरं काम कोरडेपणाच करतो. वरची निरोगी पानं खोडाच्या सांध्यापासून अख्खी निघाली तर मातीवर पसरून ठेवा, त्यांतूनही रोपं येतात.

हे का होतं, तेही सांगतो. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री गारवा आला की उघडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीही उकाडा असतो, तेव्हा यातली बरीच झाडं वाढायची जवळपास थांबतात आणि पाणी फारसं ओढत नाहीत. कूलरची खोली अंधारी आणि दमट, त्यामुळे कुंडीही सुकत नाही. वरची माती कोरडी दिसते, पण आत नर्सरीतला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा ओलाच असतो. म्हणून माती वरून बघू नका. लाकडी काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा, ओली निघाली तर पाणी नाही.

दुसरं हॉवर्थियाच्या कुळातलं, दक्षिण आफ्रिकेचं. रंग उन्हाने बदललाय, रोग नाही. थेट ऊन चुकवा, हळूहळू पुन्हा हिरवं होईल. पण एकदा कुंडीतून काढून मुळं बघाच. उन्हाळ्यात याची मुळं वाळून जातात आणि वरून काही महिने कळत नाही.

तिसऱ्याला एक बारीक टोचा मारून बघा. पांढरा चीक आला तर तो कॅक्टस नाही, युफोर्बिया आहे, आपल्या थोराच्या गोतातला. हातमोजे घाला, चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. कॅक्टसला काट्यांच्या बुडाशी कापसासारखी गादी असते, ती त्याची घडणच. युफोर्बियाला मात्र तसा कापूस नसतो, तेव्हा ती पिठ्या ढेकूण ही कीड. कुंडी वेगळी करा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने संध्याकाळी पुसा, आठवड्याने पुन्हा. कडुनिंबाचं तेल याला चालेल, एचेव्हेरियाला नको, ती पांढरी भुकटी निघून जाते.

चौथ्याचं कोवळं खोड लालसर आणि पानं नखाएवढी असतील तर ते पोर्टुलाकारिया. आपल्याकडे तेच जेड म्हणून विकतात. मातीत खुपसलेली काडी कोरडी निघाली आणि पानं सुरकुतलेली असतील तर ते तहानलंय, भरपूर पाणी द्या. काडी ओली असून सुरकुत्या असतील तर मुळं कुजलीत, फांद्या कापून नव्याने लावा.

माती: एक भाग बागेची माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग जाडी रेती आणि विटांचा चुरा. रेती बारीक घेऊ नका, ती दाबून बसते.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. पहिलं लगेच कापलं. दोनदा वर सरकावं लागलं, मग स्वच्छ हिरवा गर लागला. शेंडा सासूबाईंच्या खोलीतच खिडकीपाशी ठेवलाय, त्यांना बघता येतो. तिसऱ्यातून चीक आला, म्हणजे ढेकूणच. चौथ्याची काडी ओली निघाली, फांद्या उद्या कापते. एक राहिलं: जानेवारीत इथे दिवसेंदिवस धुकं असतं, तेव्हा छतावर ठेवावं का?

प्रतिसाद

मी ग्वाल्हेरातल्याच मुरार भागातली. एचेव्हेरियाला थंडी मानवते, रंगही तेव्हाच चढतो, फक्त दव गोठेल अशा रात्री आडोसा द्या. युफोर्बिया आणि पोर्टुलाकारिया मात्र डिसेंबर लागला की खोलीत, उजेडाच्या खिडकीत. धुक्याच्या दिवसांत कोणालाच पाणी नको. द्यायचंच झालं तर ऊन पडेल त्या दिवशी, सकाळी अकरानंतर.