अवस्थांच्या चौकटीत न मावणारी मुले

प्रश्न (प्राथमिक शिक्षिका): प्रशिक्षणात मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मुलांच्या विचारशक्तीच्या अवस्था आम्ही पाठ केल्या: सातव्या वर्षापर्यंत पूर्वक्रियात्मक (तर्कापेक्षा दिसण्यावर भर), अकरापर्यंत मूर्त क्रियात्मक (प्रत्यक्ष वस्तूंच्या आधारे तर्क), पुढे औपचारिक (अमूर्त तर्क). माझ्या दुसरीच्या वर्गातला एक मुलगा आठवडी बाजारात आईजवळ भाजी विकायला बसतो, सुटे पैसे तोंडी हिशेबाने बिनचूक परत करतो आणि वहीतल्या वजाबाकीपाशी अडतो. सहकारी म्हणतात, "अजून त्याचं वय झालेलं नाही." हे म्हणणे कितपत योग्य आहे?

उत्तर १: योग्य नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले: गाडीवर बरोबर येणारे हिशेब कागदावर चुकत होते. पियाजे यांच्या प्रयोगात सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडून, एक ओळ लांबवून, "आता सारख्या आहेत का?" असे पुन्हा विचारले जाते आणि लहान मुले बहुधा "नाही" म्हणतात; त्यावरून, मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे त्यांना अजून कळत नाही, असा निष्कर्ष काढला गेला. मॅक्गॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात तीच ओळ एका खोडकर टेडीकडून (खेळण्यातल्या अस्वलाकडून) विस्कटवली, तेव्हा चार ते सहा वर्षांच्या बहुतेक मुलांनी संख्या तेवढीच असल्याचे सांगितले. मोठ्या माणसाने मुद्दाम बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आपले पहिले उत्तर चुकले असावे, असे मुलाला वाटणे स्वाभाविक आहे. मग आपण वय मोजतो की प्रश्न विचारण्याची रीत?

उत्तर २: टेडीमुळे मुलांचे लक्षच ओळीवरून उडाले, असा आक्षेपही पुढे घेतला गेला, हे नोंदवायला हवे. शिवाय चार वर्षांच्या मुलाला पाटीवर बाराखडी गिरवायला बसवणाऱ्या पालकांना थोपवताना माझ्या हाती 'मूल अजून त्यासाठी तयार नाही' हा विकासाचाच युक्तिवाद असतो. अमेरिकेत १९८७ मध्ये 'विकासानुरूप पद्धती'ची, म्हणजे मुलाच्या वयाला व वाढीला साजेसे शिकवण्याची, मार्गदर्शक तत्त्वे आली, तीही अशाच घाईच्या विरोधात. मध्यमवर्गीय गोऱ्या मुलांचे बालपण त्यांत प्रमाण मानले गेले, ही टीका मात्र मला पटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात अंगणवाडी थेट आदिवासी पाड्यावर नेली. मूल शाळेसाठी तयार आहे का, यापेक्षा शाळा मुलासाठी तयार आहे का, हे तिथे पाहिले गेले.

उत्तर ३: सहावी ते आठवीकडेही पाहा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अधिक अमूर्त संकल्पनांची चर्चा या टप्प्यासाठी राखलेली आहे. पण मृत्यू, न्याय, शून्य यांविषयी पहिलीतली मुले प्रश्न विचारतातच. "वयच तसं आहे" असे म्हणून तेरा वर्षांच्या मुलीचा राग मोडीत काढला, की वर्गात तिच्यावर खरोखर अन्याय झाला का, हे तपासायचे राहून जाते. प्रश्नकर्त्या बाईंनी त्या मुलाला बाजारातल्याच एका गिऱ्हाइकाचा हिशेब वर्गात सोडवायला द्यावा आणि त्याची तोंडी रीत फळ्यावर त्याच्याकडूनच मांडून घ्यावी.