मदत हवी आहे: अतींद्रिय शक्तीवाला डिटेक्टिव्ह आणि सस्पेन्स

मंडळी, एक सस्पेन्स कादंबरी लिहायला घेतलीय आणि मधेच अडकलेय. माझ्या डिटेक्टिव्हला मेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावला की त्याचे शेवटचे काही क्षण दिसतात, आणि ती एका सिरीयल किलरच्या मागावर आहे. आता प्रॉब्लेम असा की तिला दिसतंच आहे तर खुनी पहिल्याच प्रकरणात का सापडत नाही, आणि दिसतं ते सगळं अर्धवट ठेवलं तर वाचकाला वाटणार लेखिका मुद्दाम लपवतेय.

इंग्लिश रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम दिले त्यात अलौकिक शक्ती सरळ बादच केलीय, आणि डिटेक्टिव्हला कारण न सांगता येणारी आतली जाणीव होऊन ती खरी ठरणंही चालत नाही. मला ते पटतं पण तरी ही बाई सोडवत नाही हो! बॉस्टन स्ट्रँगलरच्या (अमेरिकेतल्या बॉस्टनमधला, बायकांचे गळे आवळून खून करणारा सिरीयल किलर) केसमध्ये १९६४ साली पीटर हुर्कोस नावाच्या सायकिकला, म्हणजे अतींद्रिय शक्ती असल्याचं सांगणाऱ्या माणसाला, खरंच बोलावलं होतं आणि त्याने भलत्याच माणसाकडे बोट दाखवलं. ते वाचल्यापासून वाटतंय की तिला दिसतं ते खरं असावं, पण तिने लावलेला अर्थ चुकावा, आणि त्यात एखादा निर्दोष माणूस अडकावा.

हे वाचकाला फसवणूक वाटेल का? आणि कोर्टात चालेल असा पुरावा पोलिसांनी वेगळा शोधायचा, तर तो ट्रॅक किती मोठा ठेवू? अशा कथा आवडीने वाचणाऱ्यांनी प्लीज सविस्तर सांगा.