मेच्या सुट्टीत दोन लेकींसह युरोप: बारा दिवसांत चार देश बसतील का?

प्रश्न (नाशिक)

माझ्या मुली १३ आणि ९ वर्षांच्या आहेत. पाच वर्षांपूर्वी पोस्टात उघडलेले आवर्ती ठेवीचे खाते येत्या मार्चमध्ये पूर्ण होत असून, त्या पैशांतून आम्ही तिघी मे महिन्यात बारा दिवस युरोपला जाणार आहोत; मुलींच्या बाबांना तेव्हा रजा मिळणार नाही. दिवाळीपासून भिंतीवर नकाशा लावला आहे आणि रात्रीची जेवणे आटोपली की आम्ही तिघी त्याच्यासमोर बसतो. इतक्या आतुरतेने मी लहानपणीही कशाची वाट पाहिल्याचे आठवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहून रोजनिशी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकचे अ‍ॅमस्टरडॅममधील घर थोरलीला पाहायचे आहे, धाकटीला बर्फ हवा आहे, मला पॅरिसची संग्रहालये निवांत पाहायची आहेत, आणि एवढ्या लांब जाऊन रोम सोडवत नाही. सहल कंपनीबरोबर न जाता आखणी आम्हीच करत आहोत. हे सारे बसेल का? आम्ही शाकाहारी आहोत. व्हिसासाठी वडिलांचे संमतिपत्र लागते का?

उत्तर १ (पुणे)

ताई, रोम या खेपेस सोडा. प्रत्येक मुक्काम बदलताना सामान बांधणे, स्थानक गाठणे आणि नवी खोली शोधणे यात अर्धा दिवस जातो, आणि नऊ वर्षांच्या मुलीचा उरलेला अर्धा दिवस थकव्यात जातो. अ‍ॅमस्टरडॅमला तीन रात्री, पॅरिसला पाच आणि स्वित्झर्लंडमध्ये लाउटरब्रुनेनला तीन रात्री राहून झ्युरिकहून परत या. अ‍ॅमस्टरडॅम ते पॅरिस हा रेल्वेप्रवास साधारण साडेतीन तासांचा आहे, आणि पॅरिसहून स्वित्झर्लंडच्या सीमेवरचे बाझेल तीन तासांवर.

लूव्र आणि ओर्से ही दोन्ही संग्रहालये १८ वर्षांखालील मुलांना विनामूल्य आहेत. लूव्र मंगळवारी आणि ओर्से सोमवारी बंद असते, हे पाहूनच दिवस ठरवा. लाउटरब्रुनेनहून जाता येणारी युंगफ्राउयोख ही खिंड ३,४५४ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे धाकटीला मे महिन्यातही बर्फ नक्की मिळेल. तिथे हवा विरळ असते, म्हणून तिला पळू देऊ नका.

उत्तर २ (ठाणे)

संमतिपत्र लागेल, आणि ते नोटरी केलेले असावे. या तिन्ही देशांना एकच व्हिसा चालतो, आणि सर्वाधिक मुक्काम फ्रान्समध्ये होणार असल्याने अर्जही फ्रान्सच्या व्हिसासाठीच करावा लागेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. थोरलीला मोठ्यांइतकेच ९० युरो शुल्क पडेल, धाकटीला ४५. बारा वर्षांखालील असल्याने धाकटीचे बोटांचे ठसे घेत नाहीत.

उत्तर ३ (नेदरलँड्स)

अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटे केवळ ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची तिकिटे इथल्या सकाळी दहाला खुली होतात, म्हणजे एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी दीड वाजता, आणि ती फार लवकर संपतात. जिने उभे आणि अरुंद आहेत. अ‍ॅनच्या वडिलांच्या इच्छेनुसार लपण्याच्या खोल्या रिकाम्याच ठेवलेल्या आहेत, म्हणून तिथे पाहण्यासारखे काय, असे धाकटीला वाटू शकेल. तिला आधी गोष्ट सांगून न्या. एका भिंतीवर अ‍ॅन आणि तिची मोठी बहीण मार्गो यांची उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या रेघा अजून आहेत. दोन वर्षे बाहेर पाऊल न टाकता त्या मुली वाढत होत्या आणि आईवडील त्यांची वाढ नोंदवत होते. मी माझ्या मुलींबरोबर त्या भिंतीपुढे उभी राहिले, तेव्हा बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. भाजणी, मेतकूट आणा, पण तूप किंवा खव्याची मिठाई आणू नका, कारण युरोपीय संघात दुधाचे पदार्थ बाहेरून आणण्यास मनाई आहे. पॅरिसमध्ये गार द्यू नोर स्थानकाजवळ दक्षिण भारतीय जेवण सहज मिळते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. रोमवरची टाचणी काल रात्री थोरलीने स्वतःच काढली. तिकिटे खुली होतील त्या मंगळवारी तिची वार्षिक परीक्षा सुरू असेल, म्हणून दीड वाजता संगणकासमोर मी बसेन. भिंतीवरच्या त्या रेघांविषयी मात्र तिला आत्ता काहीच सांगणार नाही. त्या तिने तिथे जाऊनच पाहाव्यात.