लोकप्रिय कादंबरी टिकेल का, हे कशावरून ताडावं? मदत हवी आहे

१९८० ते २००० दरम्यान गाजलेल्या कादंबऱ्यांपैकी कोणत्या अभिजात ठरतील, हे ताडण्यासाठी निकष ठरवतो आहे. नुसता खप धरून चालत नाही. इंग्रज कादंबरीकार डिकन्स हयातीतच तुफान खपला आणि टिकलाही. उलट अमेरिकन लेखक मेलव्हिलची १८५१ ची कादंबरी 'मोबी डिक' जेमतेम खपली, १८९१ मध्ये तो गेला तेव्हा ती विस्मरणात होती, तिला मान मिळाला १९२० च्या दशकात.

म्हणून दोन गोष्टी पाहतो: २५ वर्षांनंतरही पुनर्मुद्रण चालू आहे का, आणि एखाद्या भाषेत तिचा दुसऱ्यांदा, नव्याने अनुवाद झाला आहे का. दुसरा निकष मला जास्त भरवशाचा वाटतो. जुना अनुवाद हाताशी असताना प्रकाशक नव्यावर उगाच खर्च करत नाही.

घोडं अडतं पहिल्यापाशी. आता मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, ई-पुस्तक कायम विक्रीला असतं. 'आवृत्ती संपली' हा प्रकारच जवळपास उरलेला नाही. शिवाय चित्रपट किंवा मालिका आली की नव्या मुखपृष्ठाची आवृत्ती निघते. ती धरली तर आकडा फुगतो, वगळली तर त्यातून आलेले खरे वाचक निसटतात. अभ्यासक्रमात लागलेल्या पुस्तकांचंही तेच.

मग पुनर्मुद्रणाऐवजी काय मोजावं? ग्रंथालयातल्या देवघेवीच्या नोंदी कुणी वापरल्या आहेत का? किती वर्षांच्या घ्याव्यात, आणि परीक्षेसाठीचं वाचन त्यातून वेगळं कसं काढावं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.