मदत हवी आहे: खुब्याच्या हाडाची गाठ आणि कस्टम इम्प्लांट

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाला कमरेच्या हाडात, खुब्याच्या वाटीपाशी कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेच्या पेशींचा, हाडात होणारा कॅन्सर) निघालाय. केमोला हा कॅन्सर फारशी दाद देत नाही, म्हणून वाटीसकट हाड काढणार. पुढे दोन पर्याय: सीटी स्कॅनच्या मापाने थ्रीडी प्रिंट केलेलं टायटॅनियमचं इम्प्लांट, नाहीतर काहीच न बसवता मांडीचं हाड वर सरकवायचं. त्यात पाय आखूड होतो, पण इन्फेक्शनची भीती कमी. इम्प्लांट बनेपर्यंत गाठ वाढली तर माप चुकेल, ही धास्ती वेगळीच. (दादाचा प्रश्न एकच, मांडी घालून जेवता येईल का!)

कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालंय का? काठीशिवाय चालायला किती महिने लागले? जखम चिघळली का? महात्मा फुले योजनेतून इम्प्लांटचे पैसे मिळाले का? सेकंड ओपिनियनसाठी परळला टाटामध्ये जाणार आहोत, तिथे काय काय विचारू तेही सांगा.